अट घातली, पण तपासणार कोण?

(बॉटनी डाउन्स येथील बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



२६/११ चा विषय निघाला की आपल्यापैकी कुणीतरी म्हणतंच, "अमेरिकेनं पाकिस्तानची मदत तोडावी, आयएसआय आपोआप सरळ होईल." मंडळी, असा एक प्रयोग होऊन गेला आहे. त्याचा निकाल पाहू.

२००९ च्या केरी-लुगर-बर्मन कायद्यानं पाकिस्तानला पाच वर्षं, दरवर्षी दीड अब्ज डॉलरपर्यंत नागरी मदत मंजूर केली. लष्करी मदतीला मात्र अट होती: लष्करातल्या किंवा गुप्तचर संस्थेतल्या कुणीही दहशतवाद्यांना पाठबळ देता कामा नये. मुरीदकेचा तर नावानिशी उल्लेख होता. ओबामांची सही होण्याआधीच पाकिस्तानी सेनापतींनी जाहीर नाराजी नोंदवली. म्हणजे बाण वर्मी लागला होता.

पण अट पाळल्याचा दाखला देणार कोण? अमेरिकेचंच परराष्ट्र खातं! मार्च २०११ मध्ये तो दिलाही. मे महिन्यात लादेन अबोटाबादला सापडला, आणि हेडलीनं शिकागोच्या कोर्टात आयएसआयच्या 'मेजर इक्बाल'बद्दल साक्ष दिली. २०१२ मध्ये राष्ट्रहिताचं कारण देऊन अटच माफ झाली.

ज्याला ठरावीक निकाल हवा आहे, त्याच्याच हाती मोजमाप दिलं तर आम्ही संशोधक तो निकाल मानत नाही. पुन्हा असं विधेयक आलं, तर अमेरिकेतल्या आपल्या भाऊबंदांनी दोन गोष्टी मागाव्यात: दाखल्याची कारणं जाहीर करा, आणि शाळा-दवाखान्यांचा पैसा तोडू नका. शाळा बंद पडली तर फायदा मुरीदकेचाच.