पांढरीच्या भिंतीला चुनाच हवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



काळीत आपण पिकवतो, पांढरीत आपण राहतो. काळीतल्या मालाच्या भावाबद्दल आम्ही इथे नेहमीच बोलतो. आज पांढरीतल्या भिंतीबद्दल बोलायचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. तेव्हापासून मातीचे घर म्हणजे मरण, असे आपल्या मनाने घेतले. पण तिथे घात केला तो माळवदाच्या ओझ्याने आणि जाड भिंतींच्या एकमेकांत न सांधलेल्या दोन थरांनी. ते दुखणे कोणत्याही गिलाव्याने जात नाही. ना सिमेंटच्या, ना चुन्याच्या.

आपण मात्र काय केले? भिंत मातीचीच ठेवली आणि कापसाच्या पैशातून वर सिमेंट चोपडले. माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, त्याला तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरते आणि आतच कोंडते. वरून भिंत धडधाकट दिसते, आत चिखल होतो. एखाद्या पावसाळ्यात ती बसते. पैसा गेला तो गेलाच, भिंतही गेली.

चुन्याचा गिलावा मऊ असतो आणि आतली ओल बाहेर सोडतो. म्हणून मातीशी त्याचे जमते. रीत अशी: कळीचा चुना थोडा थोडा पाण्यात सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळून उडतो, डोळा जाऊ शकतो. पोरांना लांब ठेवा. विरलेला चुना पाण्याखाली निदान १५ दिवस मुरू द्यावा. एक घमेले चुन्याला तीन घमेली स्वच्छ वाळू. भिंत खरवडून, ओली करून पातळ दोन थर द्यावेत. चुना हवेने हळूहळू धरतो, कडक उन्हाने भुगा होतो. म्हणून आठवडाभर ओली गोणपाटे टांगावीत. कापसाची वेचणी आटोपली की, ऊन तापायच्या आधी हे काम काढावे.

चुना फुकट मिळत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. कापूस बाजार म्हणेल त्या भावाने द्यायचा आणि सिमेंट बाजार म्हणेल त्या भावाने आणायचे, हा आपला नेहमीचा तोटा. निदान भिंत कुजवण्यासाठी तरी पैसे मोजू नका.

घरी गेल्यावर सिमेंट लावलेल्या भिंतीवर, जोत्याच्या वर हातभर, बोटांनी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर पावसाळ्याची वाट पाहू नका.