संशोधनाचाही हिशेब तपासावा
(वार्षिक सभेतील मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तथापि वर्ष सरल्यावर नफ्याची व्याख्या बदलून ताळेबंद जुळविता येत नाही, एवढे आम्ही जाणतो. दीर्घकालीन थकव्याच्या आजारावरील ब्रिटनमधील ‘पेस’ चाचणीत मात्र जवळपास तसेच घडले. ६४१ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ मध्ये, क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाने व मानसोपचाराने २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगण्यात आले. परंतु शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापनात ६५ वा त्याहून कमी गुण असणाऱ्यासच प्रवेश होता. आणि ‘बरे होण्या’ची मूळची ८५ गुणांची अट मागाहून ६० वर आणली गेली. म्हणजे या निकषापुरता रुग्ण खालावूनही बरा ठरू शकत होता! २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या निर्णयाने आकडेवारी खुली झाली. मूळ निकष लावता बरे झालेले दहा टक्केही भरले नाहीत. चाचणीकर्त्यांनी आपली बाजू मांडली. तरीही २०२१ मध्ये तेथील ‘नाइस’ संस्थेने अशा व्यायामाची शिफारस मागे घेतली.

मधल्या दहा वर्षांत, श्रमानंतर अंथरुणाला खिळणाऱ्या रुग्णांनाच व्यायाम सुचविला जात राहिला. असा रुग्ण आपल्या दारी आल्यास त्याचे म्हणणे आधी ऐकले जावे, ही नम्र विनंती. आपल्या देणगीचा हिशेब जसा चोख, तसाच उपचाराच्या आधाराचाही असावा.