सही कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही भारदस्त विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. मी मात्र एक साधा कागद घेऊन उभी आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा हा छापील करार. त्याच्या तळाशी ‘ग्राहकाची सही’ म्हणून एक रेघ आखली आहे. त्या रेघेवर सही कोणी करावी, एवढेच मला बोलायचे आहे.

हसू नका. या रेघेपायी माझ्या बहिणीच्या डोळ्यांचे पाणी वर्षभर खळले नाही.

तिच्या थोरल्या लेकीचे लग्न मूलला झाले. फोटोवाला ठरवला मुलीच्या काकाजींनी. विसार त्यांनी दिला, सही त्यांची, पावती त्यांच्या नावची. त्यात काही वाईट हेतू नव्हता. बाजारात त्यांची ओळख, घरात त्यांचा शब्द चालायचा. मुलीला कोणी विचारलेही नाही. लग्नानंतर दोन महिन्यांत माझे मेहुणे गेले. त्यापाठोपाठ शेताच्या हिश्शावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. बहीण उरलेले पैसे पदराला बांधून फोटोवाल्याकडे गेली, तर तो म्हणाला, “बाई, ज्यांची सही त्यांनाच अल्बम देईन. उद्या ते भांडायला आले तर मी काय करू?” त्याचे तरी काय चुकले? पण त्या अल्बममध्ये तिच्या नवऱ्याचा शेवटचा फोटो होता, लेकीचा हात धरून मांडवात उभा असलेला.

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागले. करार कोणी करावा हे सांगणारा आपला कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. माणूस सज्ञान हवा, शुद्धीवर हवा आणि कायद्याने त्याला मनाई केलेली नसावी, एवढेच. मुलीच्या लग्नाला १८ वर्षे पुरी लागतात, सहीलाही तेवढीच. म्हणजे जिच्या डोक्यावर अक्षता पडू शकतात तिची सही चालते! उलट, मोबाईलवर दहा फोटोवाले शोधून काढणारा धाकटा भाऊ सतराचा असेल तर त्याच्या सहीचा उपयोग नाही. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवून टाकले आहे.

आता तुम्ही म्हणाल, पैसे बापाचे, मग सही लेकीची कशी? त्याच १८७२ च्या कायद्याप्रमाणे मोबदला दुसऱ्या कोणी दिला तरी चालतो. पैसे कोण भरणार हे करारातच लिहावे आणि बापाने तेवढ्यापुरती सही करावी. मात्र दोन्ही पक्षांनी ‘अर्धे तुमचे, अर्धे आमचे’ असे तोंडी ठरवून एकाच रेघेवर सह्या ठोकू नयेत. तसे केले तर फोटोवाला सगळी रक्कम कोणाही एकाकडे मागू शकतो. मग व्याही-व्याही आपसात बसतात हिशेब करत.

माझ्या मते सही नवरीचीच हवी, आणि नवरदेव तयार असेल तर दोघांची, आपापला वाटा लिहून. कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, पैसे देऊन ज्याच्या सांगण्यावरून फोटो काढला त्याचा त्या फोटोवर पहिला हक्क. मात्र उलट काही ठरलेले नसेल तर. हे शेवटचे शब्द ध्यानात ठेवा. छापील करारात बारीक अक्षरांत हेच ‘उलट’ कधीकधी लिहिलेले असते: फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरू. काकाजी ते वाचणार नाहीत. चौकातल्या फलकावर ज्या मुलीचा चेहरा लागायचा ती वाचील.

फसगत झालीच तर दाद कोठे मागावी? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. फोटोवाला नागपूरचा असला तरी गडचिरोलीच्या बाईला नागपूर गाठायला नको. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. सही दुसऱ्याची असली तरी ज्याच्यासाठी काम केले त्यालाही हा कायदा ग्राहक मानतो. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा रेघेवर आपले नाव असलेले बरे. आणि लग्न एटापल्ली-भामरागडकडचे असेल तर गाडीभाडे कोणाचे, रात्रीचा मुक्काम कोठे, अल्बम किती दिवसांत, तो कोणाच्या हाती द्यायचा, हेही लिहून घ्या. वरातीच्या गडबडीत तोंडी बोललेले कोणाला आठवत नाही.

बहिणीला अल्बम मिळाला, पण वर्षाने. गावातल्या चार जाणत्यांनी काकाजींची समजूत घातली तेव्हा. या वैशाखात धाकटीचे लग्न निघाले. या वेळी तिने स्वतः करार वाचला, जाहिरातीची ओळ खोडली, खोडल्या जागी फोटोवाल्याची सही घेतली आणि खाली आपले नाव लिहिले. काकाजी ओसरीवर तोंड फिरवून बसले होते. “आता माह्या सहीची काही किंमतच नाही राहिली,” म्हणाले. पोरगी कागद घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, “काकाजी, साक्षीदाराची जागा रिकामीच आहे.” त्यांनी चष्मा मागितला.