टार अडकला? एफएससीकेला हात लावण्याआधी...

आजचा विषय: लिनक्सवर बॅकअप चालू असताना येणारी 'इनपुट-आउटपुट एरर'.

लॅपटॉप झकास चालतोय, रोजचा आरसिंकही बिनबोभाट होतो, आणि महिन्याचा टार बॅकअप मात्र एरर देतो. असं कसं? तर आरसिंक साधारणपणे फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतो. दोन्ही तेच असतील तर फाइल उघडतच नाही. टार पूर्ण बॅकअप घेताना प्रत्येक फाइल अख्खी वाचतो. त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलखालचा खराब सेक्टर टारलाच सापडतो.

आता खरा धोका ऐका. फाइल मध्येच वाचता आली नाही, की टार उरलेल्या जागी शून्यं भरतो. आर्काइव्हमध्ये नाव बरोबर, आकार बरोबर, आत मात्र पोकळ. टार 2 हा एक्झिट कोड देतो, पण स्क्रिप्टने तो बघितला तर ना! माझ्या एका मित्राची स्क्रिप्ट शेवटचे दोनच आर्काइव्ह ठेवायची. त्याच्या आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग धड होतं ते फक्त जुन्यात. पुढच्या फेरीत तेही गेलं असतं. म्हणून पहिलं काम: स्क्रिप्ट थांबवा, जुना आर्काइव्ह दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

मग डीमेसेज बघा. तिथे डिस्कच्या नावासकट आय-ओ एरर दिसली, तर दुखणं बहुधा फाइलसिस्टिमच्या खाली आहे. स्मार्टसीटीएलमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर असेल तर संशय डिस्कवर. नुसत्या सीआरसी एरर वाढत असतील तर आधी केबल तपासा.

एफएससीके डिस्क बरी करत नाही. तो फाइलसिस्टिमच्या नोंदी जुळवतो, आणि त्यासाठी डिस्कवर लिहितो. मरायला टेकलेल्या डिस्कवर हे नकोच. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज दुसरीकडे काढा. तो आधी चांगला भाग उचलतो, खराब जागांवर नंतर प्रयत्न करतो. मॅपफाइल दिलीत तर मध्ये थांबवून पुढे चालू करता येतं. दुरुस्ती करायची ती या इमेजच्या कॉपीवर. आणि माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर तर कधीच नाही.

आज एवढंच करा: टारने 2 दिला तर जुनं काहीच डिलीट होणार नाही, अशी एक अट स्क्रिप्टमध्ये घाला. भेटू पुढच्या भागात!