उन्हाळ्यात राखणीच्या कुत्र्याची निगा
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



उन्हाळा लागला की बैल-म्हशींच्या सावलीपाण्याची सोय आपण कोणी न सांगता करतो. शेळ्या-कोंबड्यांचीही आठवण राहते. राहून जातो तो आखाड्यावरचा कुत्रा. तो दूध देत नाही, औत ओढत नाही. पण भुईमुगावर आलेली रानडुकरे आणि मोटारीच्या केबलवर आलेले चोर आपल्याआधी त्याला कळतात. मी पिकांचा माणूस, पशुवैद्यक नव्हे. तरी आज या विषयावर बोलायचे ठरवले, त्याला कारण आहे.

मी आठवीत असताना आमच्या आखाड्यावर मोत्या नावाचा कुत्रा होता. मे महिन्यात घरातले सगळे लग्नाला गेलो. निघताना वडिलांनी त्याला गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीलगत सावलीत बांधले आणि घमेले भरून पाणी ठेवले. सकाळी तिथे गार सावली होती. दुपारी ऊन पश्चिमेला फिरले, भिंत तापली, घमेले लवंडले. तीनच्या सुमाराला मोत्या गळपट्टा तोडून बाहेर आला तो झोकांड्या खात, तोंडाला फेस. शेजारच्या शिवारातल्या लोकांना तो पिसाळल्यासारखा वाटला आणि त्यांनी काठ्या उचलल्या. त्याला रेबीजची लस दिलेली आहे, हे सांगायला तिथे आमच्यापैकी कोणी नव्हते. त्या लोकांना मी दोष देत नाही. पण सकाळी धडधाकट असलेला, लस टोचलेला कुत्रा भर उन्हात बांधलेला असताना दुपारी असा दिसला, तर आधी उष्माघाताची शंका घ्यायची असते, हे मला फार उशिरा कळले.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार घाम पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचे आणि श्वासातले पाणी उडून जाते तेवढेच त्याचे अंग निवते. म्हणून पाणी संपले की त्याची सोयही संपली. अकोला, चंद्रपूर, जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तिथले हाल उघड दिसतात. कोकणात पारा कमी असतो, पण दमट हवेत धापा टाकूनही ओल उडत नाही, तेव्हा कोकणातल्या बांधवांनीही निर्धास्त राहू नये.

यावर उपाय खर्चाचा नाही. कुत्रा बांधायचा असेल तर दुपारी दोन वाजता त्या जागी स्वतः उभे राहून पाहावे. बिनछताच्या भिंतीची सावली एक वेळची असते. झाडाची किंवा चारी बाजूंनी मोकळ्या छपराची धरावी. पत्र्याच्या बंद खोलीत कोंडणे सर्वांत वाईट. पत्रा असेलच तर त्यावर पऱ्हाट्या, तुराट्या किंवा उसाचे पाचट टाकावे. शक्य असेल तर दुपारी त्याला मोकळाच सोडावा. ओल्या आळ्यातली माती उकरून तो आपली जागा आपण शोधतो. आळे उकरले म्हणून रागावू नये, हे मी फळबागायतदारांना मुद्दाम सांगतो!

पाण्यासाठी लवंडणार नाही असे जड भांडे घ्यावे. जुन्या माठाचा खालचा अर्धा भाग जमिनीत निम्मा पुरला तर पाणी गारही राहते. पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा अधिकही लागू शकते. भाकरी सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर घालावी.

आता उष्माघाताची लक्षणे. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, पुढे उलटी, हगवण किंवा झटके येतात. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की जिवाला धोका. अशा वेळी प्रथम सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. आखाड्यावर असेल ते पाणी चालते. ओले गोणपाट मात्र पांघरू नये. ते लवकर तापते आणि आतली उष्णता अडवून धरते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये, कारण हा ताप नव्हे. आणि कांदा तर मुळीच नको. आपण उन्हात खिशात कांदा ठेवतो, पण कुत्र्याच्या पोटात गेलेला कांदा त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. थर्मामीटर असेल तर १०३ पर्यंत उतरल्यावर पाणी थांबवावे आणि दवाखाना गाठावा. कुत्रा उठून बसला तरी न्यावा. मूत्रपिंडाचे दुखणे एक-दोन दिवसांनीही उघड होते.

हे सारे करायला कुत्र्याजवळ जावे लागते, आणि जायचे धैर्य दरवर्षीच्या रेबीजच्या लसीमुळे येते. लसीचा दाखला घरात ठेवावा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. अनोळखी कुत्रा अशा अवस्थेत दिसला तर जवळ जाऊ नये. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

शेवटी माझ्या विषयाचे एक. तहानलेले जनावर दिसेल ते पाणी पिते. फवारणीचे औषध कालवलेला ड्रम, ठिबकसाठी युरिया विरघळवलेली टाकी उघडी राहू नये. युरियाचे पाणी तर गाई-बैलांनाही मारते. तसेच गोचिडांवर पिकाचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला चोळण्याची पद्धत काही गावांत आहे. तो ते अंग चाटतो आणि विषबाधा होते. गोचिडांचे वेगळे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे, आणि ते भर दुपारी नव्हे, संध्याकाळी लावावे.