गजकर्ण आणि आमची चूक

(मंडळाच्या येलहंका येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



त्वचेच्या विकारांवर बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे अनेकांस नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे; बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत तीस वर्षे घालविलेले गृहस्थ आहोत. परंतु गजकर्णाने आठ महिने आम्हांस जे शिकविले ते याच सभेत सांगणे लागते. का, ते पुढे येईलच.

नागपूरहून बदली होऊन येलहंक्यास आलो, तेव्हा वाटले की घामोळे आणि नायटे विदर्भाच्या उन्हाळ्यातच मागे राहिले. येथील हवा थंड खरी. पण पावसाळ्यात कपडे पुरते वाळत नाहीत. ओलसर बनियन, त्यावर घट्ट पट्टा आणि दिवसभर खुर्ची; बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. कमरेशी एक लाल कडे उमटले.

आपले कानडी शेजारी यास ‘हुळुकड्डी’ म्हणतात. ‘हुळु’ म्हणजे किडा. इंग्रजांनीही त्यास किडाच ठरविले. वास्तविक तेथे किडा नसतो. कातडीच्या वरच्या थरातील केराटिनावर वाढणारी ती बुरशी असते. ती बाहेरच्या बाजूस पसरत जाते, म्हणून कडा लाल, खवलेदार आणि मध्य निवळलेला दिसतो. आपल्या पूर्वजांना त्यात हत्तीचा कान दिसला. नाव म्हणून तेच आम्हांस अधिक आवडते.

लाजेपायी डॉक्टरांकडे न जाता आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. तेथे एक ट्यूब मिळाली. चार दिवसांत खाज थांबली! आम्ही इतके खूश झालो, की त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळातील तिघांना तीच ट्यूब सुचविली, एकाला तर स्वतः आणून दिली. लावणे थांबविताच गजकर्ण दुप्पट होऊन परतले. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा तेच. मांड्यांपर्यंत मजल गेली. मग सौभाग्यवतींच्या दंडावर आणि अखेर नातीच्या मानेवर कडे दिसले. घरात टॉवेल एकच फिरत होता. नातीची मान पाहिली तेव्हा मात्र आमची लाज पळाली.

त्वचारोगतज्ज्ञांनी कडेवरील खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ट्यूबवरील बारीक अक्षरे आमच्याकडून मोठ्याने वाचवून घेतली. बुरशीच्या औषधाबरोबर तीत ‘क्लोबेटासॉल’ हे जहाल स्टिरॉइड होते. खाज आणि लाली म्हणजे शरीराने चोराविरुद्ध केलेला आरडाओरडा. स्टिरॉइड पहारेकऱ्याचे तोंड दाबते, चोर घरातच राहतो. शिवाय कातडी पातळ होते. आमच्या मांड्यांवर पडलेले पट्टे आता जन्माचे सोबती आहेत. स्टिरॉइड वाईट नव्हे. इसबासारख्या विकारात तज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात. गजकर्णावर मात्र ते घातक.

हे दुखणे आमच्या एकट्याचे नाही. आपल्या देशात फैलावलेल्या, नेहमीच्या टर्बिनाफिनलाही अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला शास्त्रज्ञांनी २०२० साली भारताच्याच नावावरून ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. असा मान आपणांस नको होता. स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला. पण चिठ्ठीवाचून मागणारे आपणच असतो.

उपचार साधा, परंतु चिकाटीचा आहे. डॉक्टरांनी ठरविलेल्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात. मलम कडेच्या बाहेर दोन बोटे लावावे आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. घरात ज्यांना ज्यांना लागण असेल त्या सर्वांचे औषध एकदमच व्हावे; टॉवेल निराळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविलेले, ऊन नसेल तर इस्त्री केलेले. आम्हांस अकरा आठवडे लागले.

प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतील खाज बहुधा खरजेची. तेथे मात्र खरोखरीचा सूक्ष्म किडा असतो. डॉक्टर परमेथ्रिनचे मलम देतात; ते घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावयाचे आणि आठवड्याने पुन्हा. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, तिला भिऊन मलम चोपडत बसू नये. छातीपाठीवरचे पांढुरके शिबे पाहून काही घरांत कोडाच्या शंकेने मुलीचे लग्न लांबणीवर पडते. शिबे औषधाने जातात, रंग भरून येण्यास मात्र महिने लागतात. आणि कोड असले तरी ते संसर्गजन्य नाही. स्पर्श न कळणारा बधिर चट्टा दिसला, तर त्यावर कोणतीच ट्यूब न लावता सरकारी रुग्णालय गाठावे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आता आमचे कर्ज. ज्या तिघांना आम्ही ती ट्यूब सुचविली, त्यांपैकी दोघांना गाठून तज्ज्ञांकडे पाठविले. ते बरे आहेत, आज येथे बसलेही आहेत. तिसरे गृहस्थ बदली होऊन भोपाळला गेले. त्यांचा जुना फोन आता लागत नाही. कोणाजवळ त्यांचा नवा क्रमांक असल्यास सभा संपल्यावर तो कृपया आम्हांस द्यावा.