मळीपासून आम्लापर्यंत
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव जिल्ह्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या ऊस पाहत आलो आहोत. साखर निघाल्यावर काळी, घट्ट मळी उरते. यीस्टने ती आंबवून ऊर्ध्वपातन केले की इथेनॉल मिळते. आज त्याचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळला जातो आणि जळून जातो. आम्ही आज त्याची दुसरी वाट सांगणार आहोत. ती म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल.

हे आम्ल आपल्या ओळखीचेच. व्हिनेगरचा आंबटपणा त्याचा. कापडाची रंगाई, रबराचा चीक गोठवणे, सुताराचा पांढरा डिंक, अ‍ॅस्पिरिनची गोळी, कुठे ना कुठे ते लागतेच.

व्हिनेगरमध्ये हे काम जिवाणू सावकाश करतात. कारखान्यात ते उत्प्रेरक करतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. जोडी जमवून स्वतः पुढच्या स्थळाला मोकळा! जुन्या पद्धतीत इथेनॉलची वाफ तापलेल्या तांब्यावरून किंवा चांदीवरून नेऊन आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात. मग मँगनीजच्या क्षाराच्या मदतीने त्याला हवेतला ऑक्सिजन देऊन आम्ल मिळवतात. २००६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून पाणीमिश्रित इथेनॉलपासून थेट आम्ल केले. पेट्रोलसाठी इथेनॉल अगदी कोरडे करावे लागते, त्यात ऊर्जा खर्च होते. इथे पाणी चालते.

कागदावरचा हिशेब पाहा. ४६ किलो इथेनॉलपासून ६० किलो आम्ल. वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि हवा फुकट!

मग अडते कुठे? दरात. जगातले बहुतेक अ‍ॅसिटिक आम्ल मिथेनॉलपासून होते आणि मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून. ते स्वस्त पडते. आपला देशही पुष्कळ आम्ल आयात करतो. इथेनॉल महागले की उसाचे आम्ल मागे पडते. तरीही पुणे जिल्ह्यात नीरा येथे इथेनॉलपासून रसायने बनतात. म्हणजे वाट बिकट असली तरी बंद नाही.

आमच्या पिढीचे काही डिप्लोमावाले सरकारी नोकरीत लागलो. आता तेवढ्या जागा नाहीत, मुले पुण्या-बंगळूरला जातात. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण मात्र आपल्याच शहरात, एस. निजलिंगप्पा साखर संस्थेत मिळते. घरात शिकणारे मूल असेल तर एकदा तिथे चौकशी करा. ऊस आपल्या मातीतला आहे; त्याचे रसायनही आपल्या मुलांच्या हाती यावे, एवढीच विद्येच्या देवतेकडे प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!